तक्ता एका पानात बसला पाहिजे

सरकारच्या पदरी संशोधन करणारी माणसं नेमकी किती, हा प्रश्न तुम्हाआम्हाला जेवताखाता पडत नाही. पण कुणालातरी तो पडलेला असतो, आणि दर वर्षी कुठल्यातरी खोलीत बसून कुणीतरी त्याचं उत्तर काढत असतं. आकडेवारी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत हे काम ताई करत असे. सव्वीस वर्षं तिने ते केलं. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले हेडक्लार्कसुद्धा.

काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येक सरकारी प्रयोगशाळेला, केंद्राला, रुग्णालयाला फॉर्म पाठवायचा: तुमच्याकडे माणसं किती, आणि त्यांचा किती वेळ संशोधनात जातो? फॉर्म आले की तपासायचे, बेरजा करायच्या, तक्ता करून तो कार्यालयाच्या वार्षिकात द्यायचा. खरी मेख त्या ‘किती वेळ’मध्ये होती. माणूस अर्धा दिवस संशोधन करतो आणि उरलेला अर्धा दिवस सह्या करतो. अशी दोन अर्धी माणसं मिळाली की कागदावर एक माणूस उभा राहतो. त्याला नियमात भलंमोठं नाव होतं, पण ऑफिसात सगळे त्याला ‘अख्खा माणूस’ म्हणत. "तुमच्या बारा जणांत चार अख्खी आहेत," असं ताई फोनवर शांतपणे सांगायची, आणि पलीकडचे संस्थाप्रमुख खुर्चीतल्या खुर्चीत तापायचे.

तापणारच. आपण करतो ते सगळं संशोधनच, असं ज्याला वाटत नाही असा शास्त्रज्ञ अजून जन्माला यायचाय. ताईकडे त्यावर पाच प्रश्नांचं औषध होतं. काम नवीन आहे का? स्वतःच्या डोक्याने चाललंय का? उत्तर आधीच ठाऊक नाही ना? शिस्तीने, ठरवून करताय ना? आणि उद्या दुसऱ्या कुणाला तेच करून बघता येईल ना? रोज सकाळी पारा किती चढला ते वहीत लिहिणं म्हणजे संशोधन नव्हे. तो तसा का चढतो हे शोधणं म्हणजे संशोधन. एवढं सांगूनही समोरचा ऐकेना, की ती हळूच विचारायची, "बरं, मागच्या मंगळवारी दिवसभर काय केलंत?" एक मोठे डॉक्टर तिला म्हणाले होते, "मी संशोधनात आकंठ बुडालेला असतो." मंगळवारचा हिशेब निघाला तेव्हा त्यात चौसष्ट रुग्ण, दोन बैठका आणि एक निरोपसमारंभ निघाला. ताईने त्यांना एक दशांश करून सोडलं.

तिच्या या मंगळवाराची सगळ्या प्रयोगशाळांत धास्ती होती. ती हट्टी होती, थोडी खडूस होती, पण तिच्या आकड्यात खोट नव्हती. आपण सरळ आहोत याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

तिचा सख्खा भाऊ, दादा, गंज केंद्रात होता. गावाबाहेर, समुद्राच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर एक बैठी इमारत आणि तिच्यामागे तारेचं कुंपण घातलेलं मैदान, एवढंच ते केंद्र. मैदानात उतरत्या चौकटींच्या रांगा होत्या आणि प्रत्येक चौकटीवर तळहाताएवढ्या पोलादी पट्ट्या बसवलेल्या होत्या. सहा जातींचं पोलाद, काहींवर लेप, काही उघड्या. खाऱ्या वाऱ्यात पूल किती वर्षं टिकतो, हे त्यांवरून कळणार होतं. पहिल्या वर्षी काही पट्ट्या उतरवून, गंज काढून, वजन करून पाहिल्या. मग तिसऱ्या वर्षी, सातव्या वर्षी, पंधराव्या वर्षी. उरलेल्या साठ पट्ट्या तिसाव्या वर्षी उतरवायच्या होत्या. त्या लावल्या त्या वर्षी दादा तिथे सहाय्यक म्हणून लागला आणि स्वतःच्या हाताने त्याने त्यांचे स्क्रू आवळले होते. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. दादा केंद्रप्रमुख झाला होता, डोक्यावर केस उरले नव्हते, आणि तिसावं वर्ष भरल्यावर सहाच महिन्यांनी तो निवृत्त होणार होता.

"सुरुवातीच्या आकड्यांवरून काहीही सांगता येतं गं," तो म्हणायचा. "पंधरा वर्षांनंतर काही पोलादाचा गंज थांबतो आणि काहींचा आतल्या आत वाढतो. कुठलं काय करतं, ते तिसाव्या वर्षीच कळणार. तोवर बसायचं."

"आमचे हे बसण्याचा पगार घेतात," वहिनी म्हणायची.

ताई आणि दादा एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत राहायचे. ताईने लग्न केलं नव्हतं, आणि तिचं रात्रीचं जेवण भावाकडेच असायचं. बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दादाने केंद्राचा फॉर्म घरी भरायला आणला होता, आणि ताईने तो टेबलावर पाहिला. दादाने स्वतःपुढे सरळ ‘एक’ लिहिलं होतं. हाताखालच्या तिघांपुढेही एकेक. मिळून चार अख्खी माणसं.

"दादा, मागच्या मंगळवारी काय केलंस?"

"हे बघ चिमे, माझ्याशी हा खेळ खेळू नकोस."

"सांग ना."

दादाने आठवून सांगितलं. मंगळवारी ठेकेदारांनी तपासायला आणलेल्या सळया होत्या. बुधवारीही सळयाच. ठरलेल्या रीतीने खेचायच्या, तुटली की आकडा लिहायचा, दाखला द्यायचा.

"मग हे संशोधन नाही. नेहमीची तपासणी झाली ही. आणि पट्ट्यांचं काय केलंस?"

"पट्ट्या लटकतायत."

"तू काय केलंस?"

"थांबलोय," तो म्हणाला. "थांबायला वेळ लागतो की नाही? त्याचा रकाना कुठाय तुमच्या फॉर्ममध्ये?"

तसा रकाना नव्हता. ताईने हसून पेन त्याच्या हातात दिलं, आणि दादाने आकडे खोडून खरे लिहिले: चारचे एक पूर्णांक एक दशांश झाले. भावाचा फॉर्म आपण तपासू नये म्हणून तिने तो ऑफिसात दुसऱ्याच्या टेबलावर ठेवला. एवढी ती नाकासमोर चालणारी होती. त्या वर्षी गंज केंद्र तक्त्यातून नाहीसं झालं आणि शेवटच्या ओळीत गेलं, कारण दोनपेक्षा कमी अख्खी माणसं असलेल्या संस्थांची नावं तक्त्यात येत नसत. त्या सगळ्यांची मिळून एकच ओळ असे: इतर. दादाने वार्षिक उघडून पाहिलं आणि तो आठवडाभर फोन उचलून, "इतर बोलतोय," म्हणत होता.

आता ही दोनची रेघ आली कुठून, ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. वीस वर्षांपूर्वी वार्षिक छापखान्यात जायच्या दिवशी छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी दुपारी वर आला. त्याने तक्ता ताईसमोर टाकला आणि म्हणाला, "बाई, पानावर बेचाळीस ओळी बसतात, तुमच्या एकोणपन्नास आहेत. दुसरं पान केलं तर पुढची सगळी पानं सरकतील. काय ते आत्ता सांगा." तो उभाच होता. ताईने खालून मोजत वर येत पाहिलं. दोनच्या खालच्या सगळ्यांना एकत्र केलं की तक्ता बसत होता. तिने पेन्सिलीने रेघ मारली, खाली ‘इतर’ लिहिलं आणि एक तळटीप टाकली: दोनपेक्षा कमी असलेल्या संस्था एकत्रित दाखवल्या आहेत. तेव्हाच्या साहेबांनी चहा पिता पिता सही केली. रेघ दोनवरच का, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने लिहिलं नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

पुढच्या वर्षी तीच रेघ राहिली, कारण मागच्या वर्षाशी तुलना व्हायला हवी. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. नवीन मुलांना शिकवायला ताईने जी पुस्तिका लिहिली तिच्यात तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं की मालिका मध्येच तोडू नये. नऊ वर्षांपूर्वी वार्षिक छापणंही बंद झालं. तक्ता संगणकावर जायला लागला, तिथे पानाला अंत नाही. रेघ मात्र होती तिथेच राहिली.

मग समिती बसली. सरकारी संशोधनाची फेररचना करायला बसलेली ही समिती काही वाईट माणसांची नव्हती. त्यांना आकडा हवा होता आणि तो त्यांना मिळाला. अहवाल ऑफिसात आला त्या दिवशी ताईने डबा खाता खाता तो उघडला आणि सातव्या पानावर तिचा घास हातातच राहिला. तिथे लिहिलं होतं: आकडेवारी कार्यालयाच्या प्रस्थापित निकषानुसार ज्या एकोणीस संस्था स्वतंत्र संशोधन संस्था म्हणून गणल्या जात नाहीत, त्या तपासणी खात्यात विलीन कराव्यात आणि त्यांची जागा व सामान त्या खात्याच्या ताब्यात द्यावं. यंदाच्या मोजणीत दोनच्या वर जाणाऱ्या संस्था तेवढ्या यातून वगळाव्यात. पुढे यादी होती. गंज केंद्र अकरावं होतं.

तिने डबा बंद केला. साठ पट्ट्या, आणि अजून दोन वर्षं. तपासणी खातं मैदानात पट्ट्या लटकवून ठेवणार नव्हतं, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. आणि केंद्र त्या यादीत कुणी घातलं, हेही नाही. रेघ तिची होती आणि आकडे खोडायला पेनही तिनेच दिलं होतं. दोन्ही बाजूंनी तिचाच हात होता.

संचालिकाबाई एकेकाळी ताईच्या हाताखाली शिकलेली होती. अजूनही ती ताईला बघून खुर्चीतून अर्धी उठायची.

"ताई, बसा ना."

"बसायला नाही आले. हे वाच."

तिने वाचलं. "आपलाच संदर्भ दिलाय. चांगलंय की."

"अगं, कसला निकष आणि कसलं काय! तक्ता एका पानात बसत नव्हता म्हणून मी मारलेली रेघ आहे ती. जुळारी दारात उभा होता."

संचालिकाबाई हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ताई हसत नाहीये. तिने जुनी फाईल मागवली. फाईल आली, धूळ झटकली गेली, पान सापडलं. पेन्सिलीची रेघ होती, तळटीप होती, साहेबांची सही होती. छापखान्याचा कुठे उल्लेख नव्हता.

"कारण कुठे लिहिलंय, ताई?"

"नाही लिहिलं. मी सांगतेय ना आता."

"तुम्हीच शिकवलंत आम्हाला," ती खाली बघत म्हणाली. "फाईलवर नाही ते झालंच नाही."

"साहेबांना विचारू."

"साहेब गेले, ताई. चार वर्षं झाली. आणि तो छापखानाही राहिला नाही." थोडं थांबून तिने आवाज खाली आणला. "एक विचारू? दादांचं केंद्र आहे ना यात? तुम्ही काहीही लिहिलंत तरी लोक तेच म्हणतील हो."

सव्वीस वर्षांत तिच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवलं तर ते चुकीचंही म्हणता येणार नव्हतं. तरी तिने टिपण लिहिलं. दोन पानं, सगळं खरंखरं, स्वतःची चूक पहिल्याच ओळीत. अकरा दिवसांनी समितीचं उत्तर आलं. टिपणाची नोंद घेतली आहे. निकष बदलायचा तर त्याचा विचार पुढच्या फेरीत व्हावा. वीस वर्षांची मालिका मध्येच तोडू नये. शेवटचं वाक्य तिच्याच पुस्तिकेतून घेतलं होतं, खाली संदर्भही दिला होता. ताईने कपाळाला हात लावला.

आता एकच वाट उरली होती आणि ती कोणती, हे ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यंदाचा फॉर्म अजून दादाच्या टेबलावर होता.

रविवारी सकाळी ती केंद्रावर गेली. दादा सुट्टीच्या दिवशीही तिथे एक फेरी मारायचा. वारा सुटला होता. दादा चौकटींमधून हळूहळू चालत होता आणि एकेका पट्टीकडे वाकून बघत होता. काही पट्ट्या काळसर जांभळ्या होऊन गुळगुळीत राहिल्या होत्या, काहींचे पापुद्रे सुटत होते. प्रत्येकीच्या कडेला ओळखीची भोकं पाडलेली होती, कारण रंगाने लिहिलेला नंबर तीस वर्षं टिकत नाही.

"ही बघ," तो म्हणाला. "स्वस्तातलं पोलाद. सातव्या वर्षी मी हिला मोडीत काढली होती. आणि आता बघ कशी आहे. आणि ती पलीकडची, इतकी नावाजलेली, तिला आतून पोखरलंय असं मला वाटतं. पण वाटून काय उपयोग? वजन केल्याशिवाय नाही सांगता येणार."

"दादा, अहवाल वाचलास?"

"वाचला."

"या वर्षी फॉर्म पूर्ण भर."

"म्हणजे?"

"म्हणजे स्वतःपुढे एक लिही. तिघांपुढेही एकेक. पूर्वी लिहायचास तसं."

दादा सरळ उभा राहिला. त्याने बहिणीकडे असं बघितलं की ताईला मान वर करवेना. "आणि मंगळवारचं काय?" त्याने विचारलं.

"खड्ड्यात गेला मंगळवार."

तो पट्ट्यांकडे वळला. मग म्हणाला, "चिमे, तुझ्या तोंडून हे ऐकण्यापेक्षा पट्ट्या गेलेल्या परवडल्या असत्या." पण तो आत गेला, त्याने कपाटातून फॉर्म काढला, चष्मा लावला आणि आपल्या सुरेख अक्षरात चार वेळा ‘एक’ लिहिलं. पट्ट्यांवर त्याचा जीव होता. जेवताना वहिनीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलात," आणि भाऊबहीण दोघंही पानात बघत जेवत राहिली.

फॉर्म ऑफिसात पोचला आणि चारच दिवसांत अडकला. कुणी चुगली केली नव्हती. मागच्या वर्षाच्या आकड्यात पाव हिश्शाहून जास्त फरक पडला तर फॉर्म बाजूला काढायचा आणि खुलासा मागायचा, असा नियम होता. खुलासा पटला नाही तर मागच्याच वर्षाचा आकडा धरायचा. फुगवलेले आकडे पकडायला हा नियम ताईनेच घालून दिला होता, आणि त्याने बरेच बहाद्दर पकडलेही होते.

संचालिकाबाईने तिला बोलावलं, दार लावून घेतलं आणि फॉर्म समोर ठेवला.

"खुलासा काय मागू, ताई? तुम्हीच सांगा. नवीन काम आलं असेल, माणसं वाढली असतील... काहीतरी असेलच ना." तिच्या आवाजात अजीजी होती. ती ताईला वाट काढून देत होती, हे ताईला कळत होतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पण केंद्राच्या मैदानात, वाऱ्यात बोललेलं खोटं या टेबलासमोर तिला बोलता येईना. सव्वीस वर्षं अशाच टेबलाच्या पलीकडे बसून तिने लोकांचे खुलासे ऐकले होते.

"खुलासा नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून त्याने लिहिलं."

संचालिकाबाईने डोळे मिटून घेतले. मग तिने पेन उचललं, चार खोडलं आणि वर एक पूर्णांक एक दशांश लिहिलं. आकडा स्वच्छ आला. आकडे असे स्वच्छ काढायला तिला ताईनेच शिकवलं होतं. पुढच्या सोमवारपासून फॉर्म तपासायचं काम ताईकडून काढून घेतलं गेलं. ओरडा नाही, चौकशी नाही. तक्त्याची मांडणी तेवढी तिच्याकडे राहिली. जिन्यात भेटणारी माणसं तिला अजूनही ताईच म्हणत होती, फक्त जरा लवकर पुढे निघून जात होती.

केंद्र तपासणी खात्याकडे गेलं, तेव्हा दादाने एक अर्ज केला. तीस नाही तर अठ्ठावीस. पट्ट्या आत्ताच उतरवतो, गंज काढून वजनं करतो, तीन महिने द्या. तपासणी खात्याचं उत्तर सभ्य भाषेत होतं: संशोधन हे या खात्याच्या कामकाजात बसत नाही. गंज काढायची टाकी आणि तराजू सामानाच्या यादीत गेले आणि त्या खोलीला सील लागलं. एका मंगळवारी दुपारी खात्याची गाडी आली. चार माणसांनी चौकटी उघडल्या, स्क्रू निघेनात तेव्हा हातोडीने तोडले, आणि पट्ट्या एकावर एक रचून गाडीत टाकल्या. उघड्या कुठल्या, लेपाच्या कुठल्या, कुणी पाहिलं नाही. पापुद्रे सुटून गाडीत तपकिरी भुकटीचा थर साचला. दादा कुंपणाशी उभा राहून मोजत होता. एकोणसाठ भरल्या. गाडीवाल्याने कागदावर ‘भंगार, एक गाडी’ असं लिहून त्याची सही घेतली. एका पट्टीचा फरक कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

त्या वर्षीचा तक्ता ताईने मांडला. एकोणीस संस्था संपल्या होत्या, म्हणून ‘इतर’ ही ओळ उडाली. वरच्या संस्थाही गेल्या वीस वर्षांत कुठे एकमेकींत मिसळल्या होत्या, कुठे बंद पडल्या होत्या. उरल्या होत्या बावीस. सवयीने तिने पानाच्या ओळी मोजल्या. बेचाळीसपैकी बावीस भरलेल्या आणि वीस मोकळ्या. एकोणीसच्या एकोणीस जणांची नावं लिहून वर एक ओळ उरली असती. म्हणजे छापील पानावरसुद्धा ते सगळे बसत होते. कधीपासून बसत होते कोण जाणे. तिने पहिल्या वर्षी मोजलं होतं, त्यानंतर कधीच मोजलं नाही. ती बराच वेळ त्या कोऱ्या ओळींकडे बघत बसली, मग तक्ता पुढे पाठवून दिला. तो बिनचूक होता.

दादाला तपासणी खात्यात सळया खेचायच्या टेबलावर बसवलं. तो संध्याकाळी वेळेवर घरी यायला लागला, आणि वहिनीला तेच बघवेना. थट्टा करणं त्याने सोडून दिलं होतं. फोन उचलला की तो नुसतं "हं" म्हणायचा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई समोरच्या दारातून चहाला आली तेव्हा तो गॅलरीत उभा होता. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला, हूकला बांधून, साठावी पट्टी लटकत होती. काळसर जांभळी, गुळगुळीत, तीच स्वस्तातल्या पोलादाची. गाडी यायच्या आदल्या दिवशी त्याने ती खिशात घालून आणली होती. तिच्या खाली वहिनीचे टॉवेल वाळत होते.

"अजून दोन वर्षं लटकवणार," तो म्हणाला. "तीस भरतील."

इथे समुद्राचा वारा नव्हता, समोर भिंत होती. जोडीला तुलना करायला दुसरी पट्टीही नव्हती.

दादाने तिच्याकडे वळून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्याच्या डोळ्यांत पूर्वीचं मिश्किल काहीतरी आलं होतं. "काय दशांशवाल्या बाई?" त्याने विचारलं. "हे संशोधन धरशील का?"

हो म्हणावं, असं तिला अगदी आतून वाटलं. एकदा खोटं बोलून झालंच होतं, आणि इथे कुठला फॉर्म नव्हता, कुणी ऐकणारं नव्हतं. ऐकणारा एकच होता, आणि त्याला खरं उत्तर तिच्या आधीपासून माहीत होतं. तिच्या मनात ते पाच प्रश्न आपोआप एकामागून एक येऊन गेले.

"नाही रे, दादा," ती म्हणाली.

"हं," दादा म्हणाला. "मलाही तसंच वाटलं."

त्याने टॉवेल जरा बाजूला सरकवला, म्हणजे त्याचं पाणी पट्टीवर ठिबकणार नाही, आणि दोघं चहाला आत गेली.